मदत हवी: सबटायटल पुढं पळतात, उद्या गावात पिक्चर आहे

तूरवाला: राजेहो, उद्या सातला समाजमंदिरात 'द काइट रनर' हा अफगाणिस्तानातल्या दोन मित्रांचा पिक्चर दाखवायचा आहे. मराठी सबटायटल जमूनच नाही राहिले. लवकर सांगा.

वर्धेकर: जमत नाही म्हणजे? सुरुवातीपासूनच चुकतात की हळूहळू? लॅपटॉपवर की पेनड्राइव्हनं टीव्हीवर?

तूरवाला: पहिला संवाद बरोबर. अर्ध्या तासानं माणूस बोलायच्या सव्वा मिनिट आधी ओळ येते. हे लॅपटॉपवर. टीव्हीवर नुसते चौकोन.

गावचा_पडदा: व्हीएलसी प्लेअरमध्ये पिक्चर चालू असताना जी, एच बटणं दाबा. झालं.

वर्धेकर: नाही होणार भाऊ. त्यानं सगळ्या ओळी सारख्याच सरकतात, इथं फरक वाढत चालला. सबटायटल सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) असलेल्या प्रतीवरून केलेत, तुमची प्रत २३.९७६ ची. पिक्चर १२८ मिनिटांचा, शेवटी पाच मिनिटांचा घोळ होईल. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट २५ वरून २३.९७६ करा, यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं नीट राहतात ती पद्धत) सेव्ह करा. चौकोन येतात कारण टीव्हीत देवनागरी फॉन्टच नाही. लॅपटॉप एचडीएमआयनं जोडा, व्हीएलसीत निर्मला यूआय फॉन्ट निवडा. हँडब्रेक या सॉफ्टवेअरनं ओळी चित्रातच छापता येतात, पण मधात लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

झाडीपट्टीकर: म्हाताऱ्या बायांनी वाचावं कसं? बहुतेक संवाद दरी या अफगाणिस्तानातल्या भाषेत आहेत. एकानं माइकवर आपल्या बोलीत सांगावं. मालकाचा पोरगा अमीर घड्याळ नोकराच्या पोराच्या, हसनच्या, बिछान्यात लपवतो तिथं मात्र गप्प राहा. हसन न केलेली चोरी कबूल करतो, ते त्याच्या चेहऱ्यावर पाहू द्या.

शाळामास्तर: लहान पोरं येणार काय? गल्लीत हसनवर लैंगिक अत्याचार होतो. अमेरिकेत पीजी-१३ आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्या पोरांबाबत पालकांना सावधगिरीचा इशारा. तेवढं कापा.

झाडीपट्टीकर: कापू नका सर! अमीर कोपऱ्यातून पाहतो अन् पळतो, पुढं काबूलला परत जातो ते त्याच ओझ्यानं. त्यापेक्षा लहान पोरं बोलावू नका. बालकलाकारांच्या जिवाला धोका नको म्हणून २००७ मध्ये प्रदर्शनच सहा आठवडे लांबवलं होतं, इतका नाजूक प्रसंग आहे तो.

संक्रांत_स्पेशल: पतंगाचा पिक्चर पाहून पोरं नायलॉन मांजा मागतील. २०१७ पासून बंदी आहे, पाखरं मरतात. सुती दोराच द्या.

तूरवाला: मोठ्यांसाठीच ठेवतो. फ्रेम रेट बदलला, शेवटच्या पतंगापर्यंत ओळी बरोब्बर! पण एचडीएमआय लावल्यावर आवाज लॅपटॉपमधूनच येऊन राहिला.

वर्धेकर: खाली उजवीकडं स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून टीव्ही निवडा.