घोडी दाण्याला तोंड लावत नाही, बरगड्या दिसायला लागल्यात

वाळव्याची ताई (१२ फेब्रुवारी)

नमस्कार. आम्ही वाळवा तालुक्यातले. घरी ऊस, दोन म्हशी आणि दिवाळी पाडव्याला अकलूजच्या बाजारातून आणलेली एक कुमेत (तांबूस) घोडी. विकणाऱ्यानं वय सात वर्षं सांगितलं होतं. मालक दिवसभर शेतात, त्यामुळं तिचं दाणापाणी, खरारा सगळं माझ्याकडं.

आणली तेव्हा पुठ्ठे भरलेले होते. आता खरारा करताना बरगड्या हाताला लागतात. खायची फार खोड आहे तिला. गव्हाचा कोंडा नुसता हुंगते आणि ओठानं बाजूला सारते. म्हशींची गोळीपेंड ठेवली तर पाटीच उलथवली. भिजवलेला हरभरा चार दिवस खाल्ला, पाचव्या दिवशी तोंड फिरवलं. गूळ घातला की वरचा गूळ तेवढा चाटते. उसाचं हिरवं वाडं आणि हत्तीघास खाते, पण तेही अर्धं चावून टाकते. वैरण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हशींबरोबरच. सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढली. माझा जीव थाऱ्यावर नाही. काय देऊ तिला?

मिरजेचा गाडीवान

ताई, हरभरा रात्रभर भिजवून दुपारपर्यंत ठेवू नका, आंबतो, मग जनावर वास घेऊन सोडतं. भरडून, जेवढा लागेल तेवढाच भिजवा. आमच्याकडं चंदीत, म्हणजे घोड्याच्या दाण्यात, जव आणि हरभऱ्याचा भरडा मिसळतात.

वाईचा घोडेवाला

ताई, चंदी बदलायच्या आधी तिचं तोंड बघा. "अर्धं चावून टाकते" हे तुम्ही शेवटी लिहिलंय, मला तेच पहिलं दिसलं.

मी बावीस वर्षं पाचगणीच्या टेबललँडवर घोडे चालवतो. माझा एक पांढरा घोडा असाच वाळत गेला. गव्हाणीखाली गवताचे ओले गोळे पडायचे, पानाच्या चोथ्यासारखे, एका बाजूनं दाबलेले. मी ते रोज झाडून उकिरड्यावर टाकत होतो आणि घोड्याला खोडकर म्हणत होतो. घोड्याच्या दाढा जन्मभर वर सरकत राहतात आणि घासून झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, म्हणून वरच्या दाढांची गालाकडची कड घासायची राहते आणि पात्यासारखी होते. खालच्यांची जिभेकडची. घास चावला की गाल कापतो. मग तो बिचारा हुंगतो, उचलतो आणि टाकतो. शेवटी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेला. त्यांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन, तोंड उघडं ठेवायची कडी लावून दाढा कानशीनं घासल्या. गालाच्या आत नखाएवढी जखम होती. आठवड्यात तोच घोडा कडबा कराकरा खायला लागला.

तिची लीद पाण्यात कालवून चाळणीवर धुऊन बघा. आख्खे दाणे आणि बोटाएवढ्या काड्या निघाल्या तर चावणं होत नाही असं धरा.

त्याआधी मी केलेली चूक सांगतो, ती तुम्ही करू नका. घोडा वाळला म्हणून मी एकदम तीन किलो हरभरा आणि गूळ घातला. रात्री पोट धरलं. लोळायचा, उठायचा, कुशीकडं बघायचा. पहाटेपर्यंत लगाम धरून डॉक्टरांची वाट बघत उभा होतो. घोड्याला उलटी होत नाही, आत गेलेलं पुढंच जावं लागतं. ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो.

वैरण आधी, चंदी नंतर. शिंप्याचा टेप घ्या. कोपराच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. अंदाजे वजन किलोत येतं. त्या वजनाच्या शंभर किलोमागं दोन किलो तरी वाळली वैरण दिवसाला हवी. आणि ती दोन वेळची नको. म्हैस रवंथ करते, घोडं करत नाही. त्याच्या पोटात आम्ल दिवसरात्र झिरपत असतं, वैरण चावताना सुटणारी लाळ ते मारते. सहा ते सहा गव्हाण रिकामी राहिली तर पोटात व्रण पडतात आणि व्रण असलेलं घोडं दाण्याला नाक मुरडतं. शाळूचा वाळलेला कडबा, डोंगरी गवत, हरळी, जे चांगलं मिळेल ते चार-पाच वेळा टाका. रात्री झोपताना एक पेंढी नक्की.

हत्तीघासाचा भर कमी करा. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. म्हशीला चालतं, घोड्याची हाडं महिन्यामहिन्यानं पोकळ होतात. नुसत्या कोंड्यानंही तेच, कारण त्यात फॉस्फरस फार. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, पोटालाही बरा. रोज थोडा द्या.

दाढा घासून झाल्यावर चंदी मूठभरापासून सुरू करा, आठ-दहा दिवसांत वाढवा, एका वेळी दीड किलोच्या वर जाऊ नका. भरड्यावर सोयाबीनचं किंवा शेंगाचं ताजं तेल दोन चमचे. ते अंगी लागलं की हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. मीठ आणि स्वच्छ पाणी सतत समोर.

पशुवैद्यक, कराड

वरचं बरोबर आहे. जंताचं औषध अंदाजानं देऊ नका, आधी लीद तपासून घ्या.

गोळीपेंड मात्र आजपासून बंद. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. म्हशीला सोसतं, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू थोड्याशानंही निकामी होतात. तिनं पाटी उलथवली ते बरंच झालं.

वाळव्याची ताई (९ मे)

उशिरा लिहितेय, माफ करा. चाळणीत आख्खे हरभरे निघाले. डॉक्टरांनी तोंड उघडलं तेव्हा मी बॅटरी धरून उभी होते. डाव्या गालाला आतून दोन जखमा, एक जुनी आणि पांढरी पडलेली. पुढचे दात बघून त्यांनी वय बारा-तेरा सांगितलं. विकणाऱ्याशी भांडून आता काय करू, घोडी आमची आहे.

फेब्रुवारीत घेर १६२ आणि लांबी १५२ होती, म्हणजे साधारण ३३६ किलो. काल घेर १६६ भरला, ३५२ च्या वर. कोंडा अजूनही खात नाही, मी आता ठेवतही नाही. तेल पहिल्यांदा नाकारलं, मग भरड्यात किसलेलं गाजर टाकून दोन चमच्यांनी लावलं. आता पाटी चाटून ठेवते.

एक विचारायचं होतं. वळवानं कडब्याची गंजी एका बाजूनं भिजली. आतल्या पेंढ्या काळपट झाल्यात. उन्हात वाळवून दिल्या तर चालतील का?

वाईचा घोडेवाला

नाही ताई. बुरशी वाळवून जात नाही. काळपट पेंढ्या म्हशीलाही घालू नका, खड्ड्यात टाका. चांगल्या उरल्यात त्या लाकडं टाकून जमिनीपासून वर रचा आणि आठवड्यानं गंजीत हात घालून बघा, गरम लागतेय का.