घरचा सर्व्हर चोवीस तास चालू ठेवायचा का?

वॉटमोजणी
"जुना कॉम्प्युटर पडून आहे ना, त्याचाच सर्व्हर कर, फुकटात होतं" हा सल्ला सर्रास दिला जातो (सर्व्हर म्हणजे घरातल्या बाकी उपकरणांना फाइली वगैरे पुरवणारं मशीन). मला तो अजिबात पटत नाही. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे सतत चालणारा एकेक वॉट वर्षाला ८.७६ युनिट खातो. ऑफिसातून निघालेला दोन प्रोसेसरचा रॅक सर्व्हर (कपाटासारख्या सांगाड्यात बसवायचा मोठा सर्व्हर) काहीही न करता १०० वॉट सहज ओढतो. झाले ८७६ युनिट! त्यावर चालतं काय, तर फोटोंचा साठा आणि जाहिराती अडवणारा एक प्रोग्रॅम. हेच काम एखादा मिनी पीसी १० वॉटच्या आसपास करतो, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर त्याहूनही कमीत.

जुनंतेसोनं
तुमचा हिशोब प्लगपासून सुरू होतो, तिथेच मतभेद आहे. नवीन मशीन बनवायला खाणीपासून चिपच्या कारखान्यापर्यंत ऊर्जा लागते, ती तुमच्या मीटरवर दिसत नाही. शिवाय जुनं म्हणजे रॅक सर्व्हरच का? जुना लॅपटॉप स्क्रीन बंद ठेवून चालवा, थोड्या वॉटमध्ये भागतं आणि बॅटरी यूपीएसचं काम करते. आणि क्लाउडवर टाकलं तरी तिथेही कुणाचं तरी मशीन चालूच असतं की.

वॉटमोजणी
लॅपटॉप मान्य. (बॅटरी मात्र अधूनमधून तपासा, कायम चार्जिंगवर राहून फुगते.) क्लाउडचं नाही पटत. तिथलं एक मशीन कितीतरी जणांचं काम करतं, आपलं दिवसातला बहुतेक वेळ रिकामं फिरतं.

चकतीफिरते
सगळे प्रोसेसरच्याच मागे लागलेत. साडेतीन इंची हार्ड डिस्क नुसती फिरत राहायला साधारण ५ वॉट घेते. अशा चार लावल्या की २० वॉट, वर्षाला १७५ युनिट, एकही फाइल न उघडता. पॉवर सप्लायकडे तर कुणी बघतच नाही. सप्लाय वीज किती कमी वाया घालवतो याचा शिक्का म्हणजे '८० प्लस'; त्यातल्या साध्या शिक्क्याची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. ७५० वॉटच्या सप्लायवर ३० वॉटचं मशीन म्हणजे ४ टक्के भार. तिथे तो किती वीज वाया घालवतो, हे त्या शिक्क्यावरून कळतच नाही. प्रोसेसरचा टीडीपी (कामाच्या भारावर तो किती उष्णता सोडेल याचा कंपनीने दिलेला आकडा) पाहूनही अंदाज बांधू नका, रिकाम्या मशीनचा विजेचा खप वेगळाच असतो. प्लगमध्ये लावायचा मीटर घ्या आणि भिंतीपाशी मोजा.

रात्रपाळी
पण चोवीस तास हवाच कशाला? बॅकअप रात्री तासभर चालतो. वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून संदेश पाठवून, मशीन उठवा, काम झालं की झोपवा.

जुनंतेसोनं
माझ्याकडे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आहे, ते झोपवून कसं चालेल? आणि डिस्क सारखी बंद-चालू केली की तिची झीज होते, ती बदलायचा खर्च कोण धरणार?

चकतीफिरते
दिवसातून एकदा बंद-चालू केल्याने डिस्कला काही होत नाही. दर दहा मिनिटांनी झोपवणं मात्र चूक. कॅमेरे छोट्या मशीनवर आणि एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपच्या डिस्कवर) ठेवा, मोठ्या डिस्का फक्त बॅकअपला उठू देत.

जुनंतेसोनं
म्हणजे दोन मशीन, दोघांचे अपडेट, दुप्पट बिघाड. तो वेळ माझा जाणार. वर्षाला शे-दीडशे युनिट वाचवायला मी हे करणार नाही.

वॉटमोजणी
शे-दीडशेसाठी मीही आग्रह धरणार नाही. माझा विरोध त्या ८७६ ला आहे, आणि नव्या माणसाला 'फुकट' म्हणून गळ्यात मारतात ते तेच मशीन.