हातावर दोन हजार टेकवले की झालं?

आडवी_पेठ
परवा इथल्याच एका सदस्याने किरकोळ धक्क्यावर सल्ला दिलाय. गाडीचा चालत्या माणसाला हलका धक्का लागला तर उतरा, उचला, पाणी पाजा, दोन हजार हातावर टेकवा आणि तो 'ठीक आहे' म्हणाला की सटका. नाव-नंबर द्यायचा नाही, पोलिसांचं तर नावही काढायचं नाही. खाली लोकांनी 'अगदी व्यवहारी' म्हणून माना डोलावल्यात. माझा प्रतिसाद फार लांबला म्हणून वेगळा धागा.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ बघा. माणसाला इजा झाली असेल तर चालकाने उपचारांची सोय करायची, पोलिसाने मागितली तर माहिती द्यायची, पोलीस तिथे नसेल तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं. विमा कंपनीलाही लेखी. चूक कोणाची हे ते कलम विचारतच नाही. समोरचा मोबाइलमध्ये डोकं घालून आडवा आला असला तरी हे सगळं तुम्हीच करायचं. नाही केलं तर २०१९च्या दुरुस्तीपासून सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार दंड किंवा दोन्ही.

आणि कायदा राहू द्या, नुसता व्यवहार बघा. संध्याकाळी त्याचा भाऊ ठाण्यात गेला आणि 'गाडीवाला पळाला' म्हणाला, तर तुमच्याकडे काय आहे? दोन हजारांची पावती? कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तुमची गाडी निघताना स्पष्ट दिसते. पैसे देताना तुम्ही दिसालच असं नाही.

गियरबॉक्स
तो 'सदस्य' मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

कलमं वाचायला छान असतात. माझा मित्र तुमच्यासारखाच सरळमार्गी. सिंहगड रोडवर एका बाईंना आरसा लागला, कोपर खरचटलं. हा स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन गेला, स्वतःच ठाण्यात गेला. बक्षीस काय मिळालं? गाडी ठाण्याच्या आवारात, आरटीओची तपासणी होईपर्यंत तिथेच. मग गाडी सोडवायला कोर्ट. मग तारखा. बाई स्वतः म्हणत होत्या, माझी तक्रार नाही. कोण ऐकतंय? तो आता म्हणतो, पुढच्या वेळी उतरणारसुद्धा नाही.

शिवाय जमाव. पुण्यात अपघात झाला की पहिल्या मिनिटाला दहा जण, दुसऱ्याला तीस. मोठी गाडी असली की चूक तिचीच, हे आधीच ठरलेलं. मार खाऊन कलम १३४ पाळायचं का?

सोनचाफा
गियरबॉक्स, तुमचा सल्ला आमच्या घरातल्या माणसाच्या बाबतीत एकाने पाळलाय, त्याची हकीकत ऐका.

डोंबिवलीत फडके रोडजवळ सासऱ्यांना स्कूटरचा धक्का लागला. पडले, उठले, कपडे झटकले. त्या मुलाने पाचशेची नोट खिशात कोंबली, 'आजोबा, सांभाळून' म्हणाला आणि गेला. सासरे चालत घरी आले, वर आम्हालाच सांगितलं की पोरगा चांगला होता. काही आठवड्यांनी बोलताना शब्द सापडेनात, डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. स्कॅनमध्ये डोक्यात साकळलेलं रक्त. कवटीला भोक पाडून काढलं. वाचले, पण एकटे बाहेर जाणं संपलं. खर्च किती झाला ते लिहीत नाही. नुकसानभरपाई मागायची तर कोणाकडे? नंबर नाही, नाव नाही, तक्रार नाही. पाचशेची नोट तेवढी होती.

डॉ_रात्रपाळी
सोनचाफा यांनी लिहिलं ते आम्ही नेहमी बघतो. वय जास्त आणि त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर 'लागलं नाही' या वाक्याला काडीची किंमत नाही. डोक्यातलं रक्त सावकाश साठतं. मांडीच्या हाडाची मान मोडून तुकडे एकमेकांत रुतले असतील तर माणूस लंगडत का होईना, चालतो. त्यामुळे 'चालत गेला म्हणजे बरा आहे' हे डोक्यातून काढा. उलटी, वाढती डोकेदुखी, सुस्ती, असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं की थेट इस्पितळ. १०८ला फोन करा.

आता माझं दुखणं. धक्का मारणारा आणि धक्का खाणारा दोघं मिळून येतात आणि सांगतात, 'जिन्यावरून पडले.' का, तर पोलीस केस नको. मी तसं लिहिलं की केसपेपरवर कायमचं जिनाच राहतो. सहा महिन्यांनी तेच लोक रडत येतात, 'डॉक्टर, अपघात असं लिहून द्या, दावा लावायचाय.' कसं देऊ?

कोर्टकचेरी
दाव्याचं निघालंच आहे तर सांगतो. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा, सक्तीचा आहे तो नेमका यासाठी. इजा किंवा मृत्यूच्या भरपाईला त्यात कमाल मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी भरते. पण दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावावा लागतो आणि त्याला कागद लागतो. दोन हजार देऊन सटकणारा माणूस स्वतःच्याच विम्याचं दार बंद करतो आणि पुढची जोखीम खिशावर घेतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल म्हणूनही लोक घाबरतात. तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या दाव्याशी जोडलेला आहे, थर्ड पार्टी दाव्याशी त्याचा संबंध नाही.

गियरबॉक्स, जमावाचं म्हणाल तर कलम १३४ मध्येच लिहिलंय की जमावाच्या रोषामुळे शक्य नसेल तर जागेवर थांबून मदत न केल्याचा दोष नाही. अशा वेळी तिथून निघा, पण सरळ ठाण्यात जा. घरी नाही.

मुळशीकर
पण आता मदत करणाऱ्याला पोलीस काही विचारू शकत नाहीत ना? कायदा झालाय. आणि धक्का मारून पळाला तर दहा वर्षं कैद, हेही झालंय.

कोर्टकचेरी
दोन्ही अर्धवट. मदत करणाऱ्याचं संरक्षण, म्हणजे कलम १३४अ, वाटेने जाणाऱ्या तिऱ्हाइताला आहे. धक्का मारणाऱ्याने स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेलं म्हणून तो तिऱ्हाईत होत नाही. आणि दहा वर्षांचं पोटकलम मृत्यूच्या प्रकरणांपुरतं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला, पेट्रोलपंपावर रांगा लागल्या, ते त्याच्यावरूनच. १ जुलै २०२४ला बाकी भारतीय न्याय संहिता, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा, लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं होतं.

फुटपाथशोधक
सगळे चालकावरच का बोलताय? माणूस रस्त्यावर चालतो कारण फुटपाथवर दुचाक्या, वडापाव, ट्रान्सफॉर्मर आणि नगरसेवकाचा फ्लेक्स आहे. पुण्याचं पादचारी धोरण २०१६चं आहे. ११ डिसेंबरला लक्ष्मी रोड बंद करून पादचारी दिन साजरा होतो, फोटो येतात. १२ डिसेंबरला काय?

निमूटराव
फुटपाथ असला तरी काय? आमच्या सोसायटीबाहेर त्या नंबर नसलेल्या ई-स्कूटर फुटपाथवरूनच येतात. आवाज नाही, पाटी नाही. आईच्या पायावरून चाक गेलं. पोरगा 'सॉरी काकू' म्हणाला आणि दहा मिनिटांची डिलिव्हरी द्यायला पसार. आता सांगा, तुमचं १३४ कोणाला लावू?

कोर्टकचेरी
दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर कायद्याच्या दृष्टीने ते मोटार वाहनच नाही. नोंदणी, परवाना, विमा काही नाही. म्हणजे १३४ही नाही. बेदरकारपणाचा गुन्हा न्याय संहितेखाली होतो, पण विम्याचे पैसे नाहीत.

गियरबॉक्स
वा! म्हणजे विमा, पीयूसी, टॅक्स भरणारा मी गुन्हेगार आणि ते मोकळे.

निमूटराव
२५चा वेग राहतो तरी का? गॅरेजमध्ये एक वायर काढली की चाळीस.

कोर्टकचेरी
मग ते मोटार वाहन झालं, तेही विनानोंदणी. पण रस्त्यात थांबवून वॅट मोजणार कोण?

सातबारा
जरा त्या पोरांकडून बघा. माझा धाकटा भाऊ हेच काम करतो. उशीर झाला की रेटिंग पडतं, धक्का लागून थांबला तर त्या दिवसाचा इन्सेंटिव्ह गेला. तुमचं दूध नऊ मिनिटांत हवंय कोणाला? तुम्हालाच.

निमूटराव
मी दूध भैयाकडून घेतो. आणि माझ्या आईच्या पायावरून भावाचं रेटिंग गेलं नव्हतं, चाक गेलं होतं.

सातबारा
बोला, गरिबावर बोलणं सोपंच असतं.

सोनचाफा
गरीब-श्रीमंत काय काढताय? थांबून नंबर द्यायला किती पैसे लागतात?

सॅनहोजेचा_सदू
आमच्याकडे कॅलिफोर्नियात २०२३ पासून कुठूनही रस्ता ओलांडला म्हणून पोलीस पादचाऱ्याला दंड करत नाहीत, लगेच धडक होण्याचा धोका असेल तरच. आणि धक्का लागला की थांबून नाव, पत्ता द्यावाच लागतो...

फुटपाथशोधक
सदूभाऊ, तुमच्याकडे फुटपाथ आहेत. पुढचं नंतर बोलू.

आडवी_पेठ
स्कूटरसाठी वेगळा धागा काढा. गियरबॉक्स, तुमच्या मित्राला त्रास झाला हे नाकारत नाही. ठाण्यातल्या वागणुकीची भीती खरी आहे. पण तोच मित्र आज 'पळाला' या आरोपाखाली नाही, कारण तो आधी गेला. जाताना जागेचे आणि गाडीचे फोटो, वेळ, दवाखान्याचा केसपेपर, एखाद्या साक्षीदाराचा नंबर घ्यायचा. अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल. समोरच्याला स्वतःचा नंबर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचं. औषधाचे पैसे द्यायचे तर यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते.

गियरबॉक्स
ठीक आहे, म्हातारं माणूस असेल तर दवाखाना, हे मान्य. यूपीआयचंही मान्य, ते सुचलं नव्हतं. पण नुसतं खरचटलेल्या कॉलेजच्या पोराला घेऊन ठाण्यात रांग लावणार नाही, आणि तुम्हीही लावणार नाही. लिहिताना सगळेच हरिश्चंद्र असतात.

डॉ_रात्रपाळी
कॉलेजच्या पोरालाही माझ्याकडे आणा. फक्त जिना सांगू नका.

मुळशीकर
पोच देतात का पण ठाण्यात?

कोर्टकचेरी
नाही दिली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे पाठवा. पोस्टाची पावती २४ तासांच्या आतली हवी.