लष्करी विमान पडलं तर कारण कुणाला कळावं? सें-दिझिए आणि नॅन्सीच्या अपघातांवरून

रानवारा

फ्रान्सच्या ईशान्येला सें-दिझिए आणि नॅन्सी-ओशे असे दोन हवाई तळ आहेत. सें-दिझिएवर राफेल, नॅन्सीवर मिराज २०००डी, दोन्ही लढाऊ विमानं. सें-दिझिएच्या राफेलवर देशाच्या अण्वस्त्रांची जबाबदारी आहे, म्हणजे गुप्तता पाळायचीच असती तर सगळ्यात आधी तिथे पाळली गेली असती. तरीही या तळांच्या विमानांना झालेल्या अपघातांचे अहवाल कुणीही सामान्य माणूस उघडून वाचू शकतो. लष्करी आणि इतर सरकारी विमानांच्या अपघातांची चौकशी करणारी ‘बेआ-ए’ नावाची संस्था ते प्रसिद्ध करते. आपल्याकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे दलाची अंतर्गत चौकशी होते आणि कपाटात जाते. हे बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

एकच उदाहरण नीट सांगतो. २० मार्च २०१९, सें-दिझिए. दोन आसनी राफेलमध्ये मागे ६४ वर्षांचे एक नागरिक बसले होते. सहकाऱ्यांनी भेट म्हणून ही सफर ठरवली होती, त्यांनी स्वतः अशी इच्छा कधी बोलून दाखवली नव्हती. डॉक्टरांनी ३ जी पेक्षा (म्हणजे शरीराच्या वजनाच्या तिपटीपेक्षा) जास्त भार नको असं सांगितलं होतं, ते वैमानिकापर्यंत पोचलंच नाही. सीटचे पट्टे सैल होते, हेल्मेटही धड बांधलेलं नव्हतं. उड्डाणानंतर विमान झपाट्याने वर चढलं आणि सरळ होताना मागचा माणूस सीटवरून उचलला गेला. आधारासाठी त्याने जे हाताला लागलं ते धरलं. ते इजेक्शनचं, म्हणजे संकटात सीटसकट विमानाबाहेर फेकणाऱ्या यंत्रणेचं हँडल होतं. सुमारे अडीच हजार फुटांवर तो बाहेर फेकला गेला. हेल्मेट उडून गेलं, तरी वाचला.

खरी गोष्ट पुढे आहे. रचनेप्रमाणे पुढचा वैमानिकही त्याच वेळी बाहेर पडायला हवा होता. यंत्रणेतल्या बिघाडामुळे तो पडला नाही. छत उडालेलं विमान त्याने तळावर आणून उतरवलं. म्हणजे ज्या सीटवर वैमानिकाचा जीव अवलंबून असतो तिच्यातला दोष या अपघातामुळे सापडला, आणि तो २०२० च्या एप्रिलमध्ये जाहीर अहवालात छापला गेला. तीनच महिन्यांनी, जुलैमध्ये, आपली पहिली पाच राफेल अंबाल्याला उतरली. आपल्या वैमानिकांच्या घरच्यांनाही तो अहवाल वाचता आला. आपल्या विमानाबद्दलचा असा एक तरी अहवाल त्यांना वाचता येतो का?

माजी सार्जंट

रानवारा, तळमळ कळते, पण विरोध नोंदवतो. मी हवाई दलात तांत्रिक शाखेत होतो. चौकशीपुढे माणूस खरं बोलतो ते आपलं बोलणं उद्या पेपरात येणार नाही या भरवशावर. रात्रपाळीत एखादा बोल्ट परत तपासायचा राहिला, हे कॉर्पोरल कबूल करतो, कारण समोर त्याचेच लोक बसलेले असतात. ते छापायला लागा, सगळे वकिलाला विचारून तोंड उघडतील.

शिवाय आपल्याकडे उघडपणाचं काय होतं ते पाहिलंय. तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल रावत यांच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरला ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ अपघात झाला. आधी सांगितलं गेलं की हवामान अचानक बदललं, ढगात शिरल्यावर वैमानिकांचं दिशाभान गेलं. मग डिसेंबर २०२४ मध्ये संसदीय समितीच्या अहवालातल्या तक्त्यात कारण आलं: ‘मानवी चूक’. तेवढाच मथळा देशभर फिरला. त्या वैमानिकांच्या घरी काय वाटलं असेल?

रानवारा

सार्जंट साहेब, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तक्त्यातले दोन शब्द बाहेर आले आणि त्यामागचा अहवाल आत राहिला, म्हणून तो मथळा झाला. ढग किती खाली होते, मार्ग कसा ठरला, डोंगराची माहिती कॉकपिटमध्ये किती होती, हे सगळं सोबत आलं असतं तर तोच वैमानिक लोकांना वेगळा दिसला असता.

डिसेंबर २००७ मध्ये सें-दिझिएचं एक राफेल कोरेझमधल्या नव्हिक गावाजवळ कोसळलं, वैमानिक गेला. राफेलचा तो पहिला जीवघेणा अपघात. कारण दिशाभान हरपणं हेच होतं. पण असं का होतं, कान आणि डोळे वेगवेगळं सांगायला लागले की अनुभवी माणूसही कसा फसतो, हे समजावून सांगितलं की ‘चूक’ हा शब्द अपुरा वाटायला लागतो.

गारोनकाठ

मी फ्रान्समध्ये तुलूजला असतो, विमानांच्याच क्षेत्रात. दोन गोष्टी. बेआ-एच्या अहवालात वैमानिकाचं नाव नसतं, आणि दोष ठरवणं हा या चौकशीचा हेतू नाही असं सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. कायदेशीर जबाबदारी पाहायची तर न्यायालयीन चौकशी वेगळी चालते. सार्जंट साहेबांच्या कॉर्पोरलला जी भीती वाटते तिच्यावर इथे असा मार्ग काढलाय.

आणि विमानं आमच्या डोक्यावरूनच उडतात. जानेवारी २०१९ मध्ये नॅन्सीचं मिराज २०००डी ज्युरा पर्वतात मिन्योव्हिलारजवळ पडलं, दोघंही गेले. १४ ऑगस्ट २०२४ ला सें-दिझिएच्या दोन राफेलची कोलोंबे-ले-बेलच्या आकाशात टक्कर झाली. एकातले प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक दोघं गेले, दुसऱ्यातला वैमानिक वाचला. हे गाव नॅन्सी-ओशे तळाच्या अगदी शेजारी. तिथल्या माणसाला आपल्या डोक्यावर काय झालं हे विचारायचा हक्क आहे, असं इथे सरकारही मानतं.

जुनी पानं

याच भागाचा जुना इतिहास पाहा. १९५० आणि ६० च्या दशकांत ग्रोस्तांकॅं आणि मार्व्हिलला कॅनडाचे तळ होते. आधी सेबर ही लढाऊ विमानं, मग मार्व्हिलला सीएफ-१०४ स्टारफायटर. या स्टारफायटरच्या सेवाकाळात कॅनडाने सगळीकडे मिळून सुमारे ११० विमानं आणि ३७ वैमानिक गमावले. याच भागातल्या तूल शहराजवळ शोल्वाच्या युद्धस्मशानात त्या काळातल्या कॅनेडियन सैनिकांच्या कबरी आहेत, काहींच्या कुटुंबीयांच्याही.

कारणं त्या लोकांना माहीत होती. छोटे पंख, एकच इंजिन, जमिनीलगत भन्नाट वेगाने उडायचं काम आणि युरोपातलं धुकं. माहिती होती तरी विमानं पडत राहिली, कारण ते काम थांबवायला कुणी तयार नव्हतं. म्हणून मी रानवाराशी पूर्ण सहमत नाही. अहवाल छापल्याने अपघात थांबत नाहीत. पैसा, उड्डाणाचे तास, सुटे भाग आणि ‘आज उडायचं नाही’ म्हणायची मुभा, हे आधी द्या.

कादवाकाठ

आमच्या निफाड तालुक्यात शिरसगावला ४ जून २०२४ रोजी सुखोई शेतात पडलं. दोन्ही वैमानिक सुखरूप उतरले, देवाची कृपा. चौकशी झालीच असणार. पण ज्यांच्या रानात ते पडलं त्यांना सगळा अहवाल वाचायला मिळतो का? विमान पुन्हा याच वाटेने जाणार आहे. शत्रूला काय कळेल ते तुम्ही ठरवा, शेतकऱ्याला काय कळावं याचाही विचार कुणीतरी करा.

माजी सार्जंट

कादवाकाठ भाऊ, तुमचं म्हणणं मान्य. ज्याच्या जमिनीवर पडलं त्याला कारण कळायलाच हवं, तिथे माझा वाद नाही.

पण राफेलच्या सीटचं घ्या. मार्चमध्ये दोष दिसला, अहवाल पुढच्या एप्रिलमध्ये आला. सीट बसवणाऱ्या तंत्रज्ञाला १३ महिने थांबून चालत नाही. त्याला तांत्रिक सूचना लगेच हवी, आणि ती अहवालाची वाट न पाहता येते. आमच्याकडेही येत असे, आम्ही सही करून तपासणी करत असू. विमान सुरक्षित होतं ते त्या कागदाने. लोकांनी नंतर वाचून त्यात काय भर पडते?

रानवारा

भर पडते. आल्बासेतेचंच पाहा. २६ जानेवारी २०१५ ला स्पेनमधल्या त्या तळावर सरावाच्या वेळी ग्रीसचं एफ-१६ उड्डाण करताच उभ्या विमानांच्या रांगेवर कोसळलं. ११ माणसं गेली, त्यांतले ९ फ्रेंच, नॅन्सी-ओशेचेही. ट्रिमची, म्हणजे विमानाचा तोल साधण्याची एक कळ तिच्या जागेवरून हलली होती, बहुधा कॉकपिटमधल्या कागदांच्या धक्क्याने. नॅन्सीच्या तंत्रज्ञांच्या हातात ते विमान नव्हतं, त्याच्यासाठीची सूचना त्यांच्या दप्तरात येण्याचं कारणच नव्हतं. ते फक्त खाली उभे होते. त्यांच्या घरच्यांना ती कळ कशी हलली हे कुठल्या अंतर्गत कागदातून कळलं असतं?

तुमची सूचना युनिटमध्ये वेळेवर येते यावर माझा विश्वास आहे. ती आली नाही तर युनिटबाहेरच्या कुणाला ते कळेल, एवढीच सोय मी मागतोय. नावं नकोत, जबाब नकोत, शस्त्रांचं काही नको. काय बिघडलं आणि काय बदललं, इतकं वर्षभरात छापा.

माजी सार्जंट

जबाब वगळणार असाल तर पुढे बोलू. काय बदललं हे छापायला मी आजही हो म्हणेन. काय बिघडलं, याला अजून नाही.