मदत हवी आहे: अल्फ्रेस्कोत असलेले मराठी कागद सर्चमध्ये सापडत नाहीत (जुने फॉन्ट, ओसीआर, सोल्र)

नमस्कार मंडळी,

आमची पतसंस्था कऱ्हाड तालुक्यातली. कर्जाच्या फायली, गहाणखतं, सातबारे, संचालक मंडळाची इतिवृत्तं, वार्षिक सभांचे अहवाल हे सगळं आता अल्फ्रेस्को कम्युनिटी ७.४ वर (कागद साठवायची आणि शोधायची प्रणाली) आहे. उबंटू २२.०४, डेटाबेस पोस्टग्रेस १४, सर्च सर्व्हिसेस २.० (आत सोल्र हे शोधयंत्र), ट्रान्सफॉर्मचा ऑल-इन-वन कंटेनर आणि ॲक्टिव्हएमक्यू, सगळं एकाच सर्व्हरवर. बसवून देणाऱ्यांचं काम संपलंय, देखभाल आता माझ्याकडे आहे. कागद चढवणं, फोल्डरचे हक्क, व्हर्जन यांत काहीच कुरकुर नाही. पण मराठी शब्द टाकून शोधलं की डोळ्यांसमोर असलेला कागदसुद्धा निकालात येत नाही.

घाई का आहे ते सांगते. रेकॉर्ड रूम सांभाळणारे आमचे काका मार्चअखेर निवृत्त होतायत. कर्ज फिटलेला शेतकरी बोजा उतरवायला काउंटरवर येतो, तेव्हा काका नाव ऐकून थेट कपाटाशी जातात आणि बरोबर तोच रुमाल सोडतात. आमचं पत्र मिळाल्याशिवाय त्या माणसाच्या सातबाऱ्यावरचा बोजा निघत नाही, आणि पत्र द्यायचं तर मूळ फाईल हाती लागायला हवी. काका गेल्यावर हे काम सर्चनेच करायचंय. म्हणून हे कसंबसं जुळवून भागणार नाही.

आतापर्यंत तपासलेलं:

एकच लॉगिन, एकच शब्द ‘गहाणखत’. शाखाधिकाऱ्यांच्या मशीनवर फाईल सापडते, काउंटरच्या मशीनवर सापडत नाही. आधी हक्कांचा घोळ वाटला, पण लॉगिन तेच होतं. दोन्ही मशीन शेजारी ठेवून बघितल्यावर फरक दिसला: साहेबांच्या ब्राउझरची भाषा मराठी आहे, काउंटरवरची इंग्रजी. शेअरचा (अल्फ्रेस्कोच्या वेब पानाचा) पडदा दोन्हीकडे इंग्रजीतच उघडतो, त्यामुळे हे कोणाच्या लक्षात येणं कठीणच. काउंटरवरची भाषा मराठी केली तर तीच फाईल लगेच येते, पण काउंटरवरून चढवलेल्या फायली गायब होतात.

दुसरं, जुन्या पीडीएफ. आमची आधीची इतिवृत्तं नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप झालेली आहेत. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकली की डॉलर, कंस, टक्के असली चिन्हं उतरतात. ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही कमांड चालवली तर ‘युनि’च्या रकान्यात सगळीकडे ‘नो’ येतं, म्हणजे अक्षरांचा युनिकोडशी मेळच नाही. म्हणजे इंडेक्समध्ये (सर्च बघतो त्या शब्दसूचीत) तीच चिन्हं गेली असणार.

तिसरं, नुसते स्कॅन. त्यांत मजकूरच नाही, ते समजतं.

चौथं, आमच्या तालुक्याचं नाव. ‘कऱ्हाड’ आणि ‘कर्‍हाड’ डोळ्यांना एकच दिसतात. पहिल्यात नुक्त्याचा ऱ वापरलाय, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. एका कीबोर्डवर पहिला उमटतो, दुसऱ्यावर दुसरा, आणि सर्चला ते दोन वेगळे शब्द वाटतात. वकिलांच्या ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’ची तीच गत. गट नंबर कोणी ४५२ असा देवनागरीत टाइप करतं, कोणी इंग्रजी आकड्यांत.

प्रश्न असे: (१) भाषेचा घोळ सर्व्हरवरून सुटेल का, की प्रत्येक मशीनची भाषा बदलत बसायची? (२) जुन्या फॉन्टाच्या पीडीएफचं काय करावं? (३) लेखनातले हे फरक सोल्रला कसे शिकवायचे? (४) रिइंडेक्स (ही सूची नव्याने बांधणं) करताना मूळ कागदांना धोका आहे का? एकही कागद गमवायची आमची तयारी नाही.

प्रतिसाद १

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. अल्फ्रेस्को कागद घेताना चढवणाऱ्याच्या ब्राउझरची भाषा त्या मजकुरासोबत नोंदवतं, आणि इंडेक्स करताना शब्द त्या भाषेच्या खात्यात टाकतं. शोधणाऱ्याची भाषा वेगळी असेल तर तो दुसऱ्याच खात्यात बघत असतो. यावर क्रॉस-लोकेल नावाची, भाषा न बघता शोधू देणारी सोय आहे, पण मुळात ती बंद असते. सोल्रहोमच्या कॉन्फ फोल्डरमधली ‘शेअर्ड.प्रॉपर्टीज’ फाईल उघडा. त्यात क्रॉस-लोकेल डेटाटाइपच्या तीन ओळी मिळतील, टेक्स्ट, कंटेंट आणि एमएलटेक्स्ट यांच्यासाठी. त्यांच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढा, सोल्र पुन्हा चालू करा. पुढे रिइंडेक्स अटळ आहे, कारण आधी इंडेक्स झालेल्या कागदांना ही सेटिंग आपोआप लागू होत नाही.

चौथ्याचं: सोल्रचा इंडेक्स मूळ कागदांवरून कधीही नव्याने उभा करता येतो. सोल्र थांबवायचं, ‘अल्फ्रेस्को’ आणि ‘आर्काइव्ह’ या दोन कोअरचा (सोल्रच्या स्वतंत्र भागांचा) इंडेक्स उडवायचा, सोल्र चालू करायचं. तो रिपॉझिटरीकडून (अल्फ्रेस्कोच्या मुख्य भागाकडून) सगळे व्यवहार पहिल्यापासून मागून घेतो. तेवढा काळ सर्च अर्धवट राहील, पण फोल्डर उघडून कागद बघता येतील, कारण फोल्डरची यादी डेटाबेसमधून येते. हात लावायचा नाही तो ‘अल्फ_डेटा’मधल्या ‘कंटेंटस्टोअर’ला. वर्ष, महिना, दिवस अशा फोल्डरांत ‘बिन’ शेपटाच्या ज्या फायली दिसतात ते तुमचे खरे कागद आहेत. जागा कमी पडली म्हणून तिथलं काही उडवलं तर परत येणार नाही.

काम कुठवर आलं ते सोल्रच्या कोअर ॲडमिनला ‘समरी’ विचारून कळतं. इंडेक्समध्ये किती नोड (फायली, फोल्डर वगैरे) गेले आणि किती चुकीचे निघाले, दोन्ही आकडे मिळतात. मात्र तुमच्या आवृत्तीत रिपॉझिटरी आणि सोल्रमध्ये सामायिक गुप्त शब्द लागतो. तो हेडरमध्ये न देता पान मागितलं तर ४०३ (प्रवेश नाकारला) येईल. घाबरू नका, सर्व्हर नीट चालू असतानाही तसंच होतं.

प्रतिसाद २

जुन्या पीडीएफचा अनुभव आमच्या कार्यालयातही आहे. ‘ओसीआरमायपीडीएफ’ वापरा, आत टेसरॅक्ट हे ओसीआरचं (चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करण्याचं) इंजिन असतं. उबंटूवर त्याचं मराठीचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं, आणि भाषा देताना मराठी अधिक इंग्रजी अशी जोडी द्या, कारण कर्जाच्या कागदांत दोन्ही मिसळलेल्या असतात.

इथे पर्याय नीट निवडायला हवा. पानावर आधीच मजकूर दिसला की हे साधन थांबतं. मग लोक ‘स्किप-टेक्स्ट’ लावतात आणि झालं म्हणून सोडून देतात. तुमच्या बाबतीत त्याचा उपयोग शून्य, कारण जुन्या फॉन्टातली ती चिन्हं हा त्याच्या दृष्टीने मजकूरच आहे, तो ती पानं वगळून पुढे जाईल. ‘रिडू-ओसीआर’ही चालणार नाही, ते फक्त आधीच्या ओसीआरचा अदृश्य थर काढतं. तुम्हाला ‘फोर्स-ओसीआर’च लागेल. ते प्रत्येक पानाचं चित्र करतं आणि त्यावर नवा मजकूर बसवतं. फाईल फुगते. मूळ फाईल उडवू नका, नवी फाईल तिच्यावरच पुढचं व्हर्जन म्हणून चढवा, म्हणजे मूळही जागेवर राहील.

वर्ड फायली असतील तर ओसीआरपेक्षा फॉन्ट-परिवर्तक बरा. पण प्रत्येक फॉन्टाची मांडणी निराळी असते, त्यामुळे कुठली फाईल कुठल्या फॉन्टात आहे ते आधी वेगळं काढा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. क्रॉस-लोकेल चाचणीच्या सर्व्हरवर चालू केलं, रिइंडेक्स केलं. ‘गहाणखत’ दोन्ही मशीनवर सापडलं!

ओसीआरबद्दल एक शंका. आमच्याकडे ऑनलाइन काढलेले डिजिटल स्वाक्षरीचे सातबारेही आहेत. तेही याच रांगेत घालू का?

प्रतिसाद २

मुळीच नाही. स्वाक्षरी फाईलच्या नेमक्या बाइट्सवर असते. ओसीआरचा थर घातला की फाईल बदलली, स्वाक्षरी अवैध झाली. ओसीआरमायपीडीएफच्या नव्या आवृत्त्या सही असलेली फाईल स्वतःहून नाकारतात, सही मोडण्याचा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. तो देऊ नका. सही असलेल्या पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरवर ओसीआरचा नियमच लावू नका.

प्रतिसाद ३

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ल्युसीनमध्ये (सोल्र जिच्यावर चालतं ती लायब्ररी) यासाठीचे, शब्दांची रूपं एकसारखी करणारे फिल्टर तयार आहेत, अल्फ्रेस्कोच्या सोल्रच्या स्कीमात (फील्डच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) ते योग्य ठिकाणी जोडायचे. ‘डेसिमल डिजिट’ फिल्टरने ४५२ देवनागरीत असो की इंग्रजीत, एकच होतं. ‘इंडिक नॉर्मलायझेशन’ने अ आणि चंद्र वेगळे टाइप केलेला ‘अॅ’ जोडून ‘ॲ’ होतो. त्यानंतर ‘हिंदी नॉर्मलायझेशन’ लावा. नावात हिंदी असलं तरी ते न दिसणारे जोडक काढतं आणि नुक्त्याचा ऱ साध्या र मध्ये आणतं, म्हणजे तुमचे दोन्ही कऱ्हाड एक होतील. ते ऱ्हस्व-दीर्घही एक करतं. त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ एकत्र येतील, पण टायपिस्टांच्या वेलांटीच्या चुका बघता हा सौदा मला फायद्याचा वाटतो. हिंदीचा स्टेमर (प्रत्यय छाटणारा फिल्टर) मात्र टाळा, तो मराठी प्रत्ययांसाठी नाही.

इंडेक्स आणि क्वेरी, दोन्ही बाजूंना तेच फिल्टर त्याच क्रमाने हवेत. सोल्रच्या ॲडमिन पानावर ‘ॲनालिसिस’ टॅब आहे. तिथे फील्डचा प्रकार निवडून एका चौकटीत ‘कऱ्हाड’, दुसरीत ‘कर्‍हाड’ टाका. शेवटच्या पायरीवर दोन्ही सारखे निघाले तरच रिइंडेक्स सुरू करा.

विभक्तीचा प्रश्न याने सुटत नाही. ‘गहाणखताची’ शोधायला ‘गहाणखत’ला चांदणी (*) जोडली की भागतं, पण ‘पाटील’चं ‘पाटलांनी’ होतं तिथे चांदणी हात टेकते. हस्तलिखित सातबारे आणि फेरफार तर ओसीआरला वाचताच येणार नाहीत. म्हणून माझं ठाम मत: कर्जाच्या फायलींना स्वतःचं कंटेंट मॉडेल (माहितीच्या ठरावीक रकान्यांचा साचा) करा. शेअरच्या ॲडमिन टूल्समध्ये मॉडेल मॅनेजर आहे, एक्सएमएल लिहावं लागत नाही. खाते क्रमांक, कर्जदाराचं नाव, गाव, गट नंबर, कर्ज फिटल्याची तारीख एवढे रकाने पुरेत. नाव प्रथमा विभक्तीत, गाव ठरलेल्या यादीतून निवडायचं. आणि हे रकाने भरताना काकांना शेजारी बसवा. कुठल्या रुमालात कोणाच्या वडिलांच्या नावाची फाईल आहे, कुठली जमीन वाटणीनंतर दुसऱ्या गटात गेली, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

धागाकर्ती

हे फार मोलाचं सांगितलंत. गावांची यादी आजच केली. त्यात ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ वेगळे येऊ नयेत म्हणून संस्थेच्या नोंदणीतलं एकच रूप ठेवलं. काकांशी बोलले, ते आनंदाने तयार झाले. आधी न फिटलेली कर्जं घेऊ, कारण कर्ज फिटलं की काउंटरवर तीच माणसं येणार आहेत. खऱ्या सर्व्हरचा रिइंडेक्स शनिवारी संध्याकाळी काम संपल्यावर सुरू करते.

प्रतिसाद १

शनिवारआधी पूर्ण बॅकअप घ्या, आणि क्रम पाळा: आधी पोस्टग्रेसचा डम्प (डेटाबेसची नक्कल), मग कंटेंटस्टोअरची नक्कल. उलट केलं तर मधल्या वेळात चढलेल्या कागदाची नोंद डम्पमध्ये येईल आणि त्याची फाईल नकलेत नसेल. दोन्ही एकाच दिवसाचे, एकाच ठिकाणी ठेवा. एकट्या डम्पवरून तुमचे कागद परत मिळणार नाहीत.