शब्दचर्चा: प्रतिपिंडांच्या जनुकांची ‘पुनर्रचना’ की ‘सांधणी’?

खानापूरकर: पीयूसीच्या मुलांना प्रतिपिंड कसं घडतं ते मराठीतून सांगायचं आहे. (मुलं अँटीबॉडीच म्हणतात, कन्नडवाले ‘प्रतिकाय’. ते असो.) ‘जीन रीअरेंजमेंट’ला, म्हणजे जनुकाचे सुटे तुकडे नव्यानं जुळण्याला, जो तो ‘पुनर्रचना’ लिहितो. चालेल का?

शहापूरचा वाचक: सर, पुनर्रचना म्हटलं की आपल्याकडे १९५६ची राज्यांची पुनर्रचना आठवणारच. पण त्या पुनर्रचनेत चंदगड तिकडे मुंबई राज्यात राहिलं, बेळगाव इकडे म्हैसूर राज्यात आलं, गाव कुठलं पुसलं गेलं नाही. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशीत (ही एक पांढरी रक्तपेशी) पुसलं जातं. जड शृंखलेचे, म्हणजे प्रतिपिंडातल्या मोठ्या साखळीचे, व्ही, डी आणि जे असे तीन प्रकारचे जनुक-तुकडे १४व्या गुणसूत्रावर ओळीनं असतात: कामाचे व्ही सुमारे ४०, डी २३, जे ६. आधी एक डी एका जेला जोडला जातो, मग त्या जोडीला एक व्ही. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं कापायचं काम करतात. मधला डीएनए कड्यासारखा वळून सुटतो तो कायमचाच. म्हणून मी ‘छाटजोड’ म्हणेन.

निपाणीची ताई: छाटजोड झकास, पण कॅपा या हलक्या (लहान) शृंखलेपाशी अडतो. २ऱ्या गुणसूत्रावर बरेच व्ही उलट्या तोंडाचे आहेत. ते जोडताना मधला भाग जात नाही, उलटा फिरून तिथंच राहतो. सांधा मात्र दोन्ही प्रकारांत होतो, आणि खरी करामत सांध्यातच आहे. जड शृंखला जुळताना टीडीटी हे विकर तिथं साच्याशिवाय, येतील ती डीएनएची अक्षरं भरतं. नुसते तुकडे मोजले तर ४०×२३×६, म्हणजे साडेपाच हजार. या भरतीनं आकडा कुठल्या कुठं जातो. पुष्कळदा वाचनचौकट (तीन-तीन अक्षरांनी वाचायची मांडणी) बिघडून सांधा वायाही जातो. तर ‘सांधणी’ म्हणा. ‘फसलेली सांधणी’ही आपसूक मिळते.

खानापूरकर: पटलं, ताई. जपानी शास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावांनी १९७६ साली उंदराच्या गर्भातला आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींतला डीएनए ताडून पाहिला, तेव्हा गर्भात लांब असलेले तुकडे दुसरीकडे जवळ आलेले निघाले. १९८७चं नोबेल त्याच कामाचं. तिथंही ‘सांधणी’ बसते की. मग आयजीएम या वर्गाच्या प्रतिपिंडाचं आयजीजी वर्गाचं होतं, त्याला काय म्हणायचं?

शहापूरचा वाचक: ‘वर्गबदल’. तिथं रॅग नाही, एआयडी हे विकर लागतं. जुळलेलं व्ही-डी-जे तसंच राहून मागचा स्थिर भाग बदलतो. आणि सर, आरएनएच्या स्प्लायसिंगला (आरएनएतले नको ते तुकडे काढून उरलेले जोडण्याला) ‘सांधणी’ देऊ नका. त्यात डीएनएला हात लागत नाही, मुलांचा घोळ होईल.