३६३-३६३ : ग्विन कोच म्हणून नापास?

पाचवी_गल्ली
काल इथेच एकाने लिहिलं, 'अमेरिकेचा बेसबॉलपटू टोनी ग्विन बॅटर म्हणून देव, कोच म्हणून सामान्य.' पुरावा काय, तर सॅन डिएगो स्टेट या कॉलेजच्या टीमबरोबरच्या बारा मोसमांत ३६३ विजय आणि ३६३ पराभव. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण लांबत गेलं.

हा माणूस वीस वर्षं एकट्या पाड्रेज या सॅन डिएगोच्या व्यावसायिक टीमकडून खेळला. ३१४१ हिट्स, .३३८ अ‍ॅव्हरेज, आठ बॅटिंग टायटल (मोसमात लीगमधलं सगळ्यात जास्त अ‍ॅव्हरेज). मॅडक्ससारख्या दिग्गज पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) त्याला एकदाही स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, करता आलं नाही. २००१ मध्ये निवृत्त झाला आणि ज्या कॉलेजात बास्केटबॉल खेळायला आला होता तिथेच पोरांना शिकवायला गेला. १९८३ मध्ये फॉर्म गेला तेव्हा बायकोला मॅच टेप करायला लावून स्वतःच्या चुका शोधणारा हा माणूस. माझा मुलगा इथे शाळेच्या टीममध्ये खेळतो. त्याच्या कोचला स्कोअरच्या पलीकडे काही दिसत नाही. पोरगं चुकलं की बेंचवर. म्हणून मला ग्विनची किंमत कळते.

हिशेबी
अहो, मुलाच्या कोचचा राग आमच्यावर का? कोचचं काम टीम जिंकवणं. बारा वर्षांत एनसीएएच्या (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) राष्ट्रीय स्पर्धेत तीनदा, २००९, २०१३ आणि २०१४. एवढ्या मोठ्या नावाला हे थोडंच आहे.

पाचवी_गल्ली
तेव्हा कॉलेजच्या अख्ख्या बेसबॉल टीमला मिळून फक्त ११.७ पूर्ण स्कॉलरशिप असायच्या, तुकडे करून तीसेक पोरांत वाटायच्या.

हिशेबी
त्या सगळ्यांनाच ११.७. जिंकणारेही त्यातच भागवत होते.

लेफ्टी_नाशिककर
आणि त्याचा खेळाडू स्टीफन स्ट्रासबर्ग? शाळा संपली तेव्हा एकाही व्यावसायिक टीमने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) घेतला नव्हता. ग्विनकडे आला, २००८ मध्ये एका मॅचमध्ये २३ स्ट्राइकआउट घेतले आणि २००९ च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला.

हिशेबी
तो पिचर. आउटफिल्डरने (लांब मैदानात फील्डिंग करणाऱ्याने) पिचर घडवला म्हणता? श्रेय पिचिंग कोचला द्या.

चंची_सोडली
तुमचं ३६३ चालू द्या, पण एक गोष्ट कुणीच काढत नाही. ग्विन २०१४ मध्ये ५४ व्या वर्षी गेला, लाळग्रंथीच्या कॅन्सरने. कॉलेजपासून ओठात ओली तंबाखू दाबून ठेवायची सवय. गाठ उजव्या बाजूला आली, आणि तंबाखूही आपण त्याच बाजूला ठेवायचो, हे त्याने स्वतः सांगितलं होतं.

माझे काका कोल्हापुरात शिक्षक होते. वर्गात येण्याआधी व्हरांड्यात उभे राहून तंबाखूत चुना मळायचे, बार भरायचे आणि मग फळ्याकडे वळायचे. शेवटच्या वर्षी जबड्याचं हाड काढलं, नळीने पेज द्यावी लागायची. त्यांचे तीन विद्यार्थी आजही बार भरतात. कोच असो वा मास्तर, पोरं बघून शिकतात. मी स्वतः सोळाव्या वर्षी काकांचीच चंची उघडली होती.

लॅबवाली
काकांचं वाचून वाईट वाटलं. पण तोंडाच्या कॅन्सरचा तंबाखूशी संबंध जितका पक्का आहे, तितका लाळग्रंथीच्या कॅन्सरचा सिद्ध झालेला नाही. ग्विनला तसं वाटत होतं, हे खरं. दोन्ही एक करू नका.

चंची_सोडली
ताई, म्हणजे तंबाखू निर्दोष? महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, आणि आमच्या स्टँडवरच्या टपरीवर आजही पुडी मिळते. तुमच्यासारख्यांच्या 'सिद्ध नाही'वरच हा धंदा चालतो.

लॅबवाली
माझ्या तोंडी नसलेलं घालू नका! तोंडाच्या कॅन्सरच्या स्लाइड मी रोज बघते. त्यात पंचविशीची पोरंही असतात. म्हणूनच सांगते, चुकीचा दावा केला की समोरचा तेवढाच धरून बाकी सगळं उडवून लावतो.

हिशेबी
विषय कोचिंगचा होता.

चंची_सोडली
विषय तोच आहे! ग्विन गेल्यावर स्ट्रासबर्गने तंबाखू सोडायचं ठरवलं. खेळाडूंसोबतच्या २०१६ च्या करारात मेजर लीगने (व्यावसायिक बेसबॉलची सर्वोच्च लीग) नव्याने येणाऱ्या खेळाडूंना ती बंद केली. हे तुमच्या विजय-पराभवाच्या रकान्यात कुठे मांडता?

हिशेबी
कुठेच नाही, मान्य. पण हे त्याच्या मरणाने झालं, कोचिंगने नव्हे. ताईंचं म्हणणं मात्र पटलं.

लेफ्टी_नाशिककर
२०१४ चं बघा मग. मार्चपासून ग्विन आजारपणाच्या रजेवर, आणि पोरांनी त्याच्याशिवाय माउंटन वेस्टची (त्यांच्या कॉलेजगटाची) स्पर्धा जिंकली. जाण्याच्या काही दिवस आधी कॉलेजने करार वर्षभर वाढवला.

हिशेबी
तो जिव्हाळा असेल. तरीही ते जेतेपद त्याच्या खात्यात धरतो, पोरं त्यानेच निवडली होती. बाकी ३६३ ला ३६३ च म्हणणार.

पाचवी_गल्ली
म्हणा. शनिवारी मुलाची मॅच आहे, पुन्हा बेंचवर बसवलंय. घरी मी मोबाइलवर त्याची बॅटिंग शूट करून थांबवत थांबवत दाखवतो. काल त्यालाच दिसलं, बॉल यायच्या आधीच पुढचा खांदा उघडतोय.

चंची_सोडली
त्याच्या टीममध्ये कुणी ओठात काही दाबतं का, तेही बघा.